बॅग लेकराची, कॉमिक काकाचं

जून लागला की आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसती. सेलूला आमचं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे, वडिलांच्या काळापासून, आणि शाळा उघडायच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमची सुगी, त्यात काय कमवायचं ते कमवून घ्यायचं नसता पुढं दिवाळीपर्यंत झेरॉक्सवर दिवस काढायचे. ह्या पंधरा दिवसात सगळ्यात जास्त काय खपतं म्हणाल तर स्पायडरमॅन. दप्तरावर स्पायडरमॅन, कंपासवर स्पायडरमॅन, टिफिनवर, पाण्याच्या बाटलीवर, वहीच्या लेबलवर पण तोच. खेड्यातून आलेली आजी सुद्धा "ते जाळंवालं द्या" म्हणती.

मागच्या जूनमध्ये एक बाई लेकराला घेऊन आली. पोरगं असंल सात-आठ वर्षाचं, बॅग पाठीला लावून पुढून मागून बघून झाली आणि मग मला म्हणतं, "काका, ह्याचं पुस्तक बी असतंय का?" मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "आरं तो सिनेमातला आहे, पुस्तक कुठलं त्याचं. भाऊ, नुस्ती बॅग द्या, आणि नीट लावा."

गंमत अशी की त्याच वेळेला काउंटरच्या खाली नुकतंच आलेलं एक पार्सल पडलं होतं आणि त्यात स्पायडरमॅनचं कॉमिकच होतं. माझं. शेचाळीस वर्षाच्या माणसाचं. मी ते लेकराला दाखवलं नाही, एक तर माहागाचं, दुसरं म्हणजे त्यातला स्पायडरमॅन पस्तिशीतला आहे, दाढी वाढलेली, बायको आहे, दोन लेकरं आहेत आणि आयुष्यात काहीतरी करायचं राहून गेलं असं त्याला सारखं वाटत राहतं. ते पोरगं त्यात काय वाचणार? मला मात्र पहिल्या चार पानातच गलबलून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

म्हणजे एकच हिरो, त्याची बॅग लेकरासाठी आणि पुस्तक काकासाठी. हे असं कामून झालं हे मी बरीच वर्षं शोधायलोय, आणि मला जे कळलंय ते सांगतो. आधीच एक सांगून ठेवतो, "आजकालची लेकरं मोबाईलमुळं वाचत नाहीत" हे उत्तर मला पटत नाही. मोबाईल यायच्या कितीतरी आधी ह्या कॉमिक्सचा वाचक म्हातारा व्हायला लागला होता. कारण गोष्टीत कमी आणि दुकानदारीत जास्त आहे, आणि म्हणूनच ते माझ्या डोक्यात लवकर शिरलं.

सुरुवात १९३८ ची. अमेरिकेत अॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक आला, त्यात सुपरमॅन पहिल्यांदा दिसला, जेरी सीगल आणि जो शुस्टर ह्या दोन तरण्या पोरांनी केलेला. ६४ पानं आणि किंमत १० सेंट, म्हणजे लेकराच्या खाऊच्या पैशात बसणारी. पुढच्या वर्षी बॅटमॅन आला. ही कॉमिक्स मिळायची कुठं, तर पेपरच्या स्टॉलवर, किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात. लोखंडी फिरता स्टँड असायचा, आपल्याकडं ग्रीटिंग कार्डचा असायचा तसा, आई सामान घ्यायली तोवर लेकरू तो स्टँड फिरवत बसायचं. खप कसा होता म्हणाल तर १९४० च्या दशकात कॅप्टन मार्व्हल नावाच्या हिरोच्या एकेका अंकाच्या दहा लाखाच्या वर प्रती जायच्या. मोठी माणसं वाचत नव्हती असं नाही, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी पण ढिगानं वाचली, पण मुख्य गिऱ्हाईक लेकरू. १९५४ मध्ये कॉमिक्समुळं पोरं बिघडतात असा मोठा गोंधळ झाला, सिनेटपुढं सुनावण्या झाल्या, मग प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच एक नियमावली लादून घेतली, भुताखेताची आणि खून-दरोड्याची कॉमिक्स जवळपास संपली, आणि जे उरलं ते अगदी सोज्वळ, लेकरांपुरतं. त्याच्यात १९६२ ला स्पायडरमॅन आला, पंधरा वर्षाचा शाळकरी पोरगा, घरी पैशाची चणचण, वर्गात पोरं चिडवतेत. म्हणजे हिरो आणि वाचक एकाच वयाचे झाले, आणि लक्षात ठेवा, ह्याच गोष्टीनं पुढं घोळ केला.

आता दुकानदारीकडं या.

स्टॉलवरच्या मालाचा नियम काय असतो, तर न खपलेलं परत. आपल्याकडं पेपरवाल्याचे शिल्लक अंक परत जातात तसं. अमेरिकेत तर पूर्ण कॉमिक परत पाठवायची पण गरज नव्हती, वरचं कव्हर फाडून पाठवलं की पैसे वळते व्हायचे. ह्यात दुकानदाराला काही धोका नाही, त्यामुळं तो काहीही ठेवतो, नवीन हिरो असो जुना असो, ठेवून बघायला काय जातंय. धोका सगळा प्रकाशकाचा, छापलेल्यातला मोठा वाटा परत यायचा आणि रद्दीत जायचा. तिकडं दुकानदाराचं पण एक दुखणं होतं, मी समजू शकतो. १०-१२ सेंटच्या वस्तूत मिळून मिळून मिळणार काय? तेवढ्याच जागेत माहागडं मासिक ठेवलं तर चार पट सुटतात. आणि लेकरं उभ्या उभ्या फुकट वाचून जातात ते वेगळंच. माझ्या दुकानातला खोडरबरचा डबा मी ह्याच कारणानं आत ठेवलाय. तर तिकडल्या किराणावाल्यांनी हळूहळू ते फिरते स्टँड काढायला सुरुवात केली.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनमधल्या फिल सूलिंग नावाच्या एका हायस्कूलच्या मास्तरनं ह्याच्यावर तोड काढली. हा माणूस कॉमिक्सचा नादी, कॉमिक्सची संमेलनं भरवायचा. तो प्रकाशकांना म्हणाला की मला माल थेट द्या, सूट जास्त द्या, मी परत काही पाठवणार नाही. संपलं. ह्याला पुढं डायरेक्ट मार्केट नाव पडलं. प्रकाशकाला आधीच कळतंय की किती छापायचं, परतीची कटकट नाही, रद्दी नाही, पैसे नक्की. ह्याच्यातून गावोगाव फक्त कॉमिक्सची अशी दुकानं उभी राहिली. १९८१ मध्ये मार्व्हलनं, म्हणजे स्पायडरमॅन काढणाऱ्या कंपनीनं, डॅझलर नावाचं कॉमिक फक्त ह्या दुकानांपुरतं काढून बघितलं तर चार लाखाच्या वर ऑर्डर आली. झालं, कंपन्यांना कळलं की पैसा इथं आहे.

सगळ्यांसाठी चांगलंच झालं की मग, असं वाटंल. मला पण वाटलं होतं. पण दुकानदार म्हणून विचार करा. माल परत जाणार नाही, दोन-तीन महिने आधी कॅटलॉग बघून ऑर्डर द्यायची, अंक अजून लिहून सुद्धा झालेला नसतो. तुम्ही कोणासाठी ऑर्डर द्याल? ज्याचं तोंड ओळखीचं आहे त्याच्यासाठी. दर आठवड्याला येणारा, नावानं वही लावलेला, "माझं बाजूला काढून ठेवा" म्हणणारा. कधीतरी चुकून दारात येणाऱ्या नऊ वर्षाच्या लेकरासाठी कोण पैसे अडकवून ठेवंल? लेकरांचं काही मागवत नाही म्हणून लेकरं येत नाहीत, लेकरं येत नाहीत म्हणून काही मागवत नाही. आणि शहराच्या कुठल्यातरी गल्लीतल्या कॉमिक्सच्या दुकानात लेकरू एकटं जाणार कसं, किराणा दुकानात ते आईच्या मागं आपोआप जायचं.

म्हणजे बघा, वाचक म्हातारा झाला तो गोष्टी बदलल्या म्हणून नाही. स्टँड हलला म्हणून. आत आलेली पोरं आतच राहिली, दरवर्षी एक वर्षानं मोठी होत गेली, आणि मागून नवीन येणारं दारच बंद झालं.

आता प्रकाशक कोणाला डोळ्यासमोर ठेवतात हे उघड झालं. त्यांचं खरं गिऱ्हाईक तुम्ही-आम्ही नाहीच, त्यांचं गिऱ्हाईक दुकानदार. खपाचे जे आकडे सांगितले जातात ते बहुतेक वेळा दुकानांनी किती मागवलं त्याचे असतात, वाचकांनी किती नेलं त्याचे नाही. आमच्याकडं बियाण्याची कंपनी म्हणती तालुक्यात एवढ्या बॅगा गेल्या, पण गेल्या म्हणजे कृषी सेवा केंद्रात गेल्या, पेरल्या किती ते वेगळं, तसलाच प्रकार.

हा फरक १९९० च्या दशकात फार माहागात पडला. १९८६ ला वॉचमेन आणि डार्क नाइट रिटर्न्स आले, दोन्ही मोठ्यांसाठीच लिहिलेले, सुपरहिरो म्हणजे पोरकटपणा नाही हे त्यांनी दाखवलं, आणि ते खरंच भारी आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. पण त्यांच्या मागं जी रांग लागली तिनं फक्त अंधार, रक्त आणि दात-ओठ खाणारे हिरो उचलले. त्याच सुमाराला पेपरात बातम्या यायला लागल्या की जुनी कॉमिक्स लिलावात प्रचंड किंमतीला जायलीत. मग काय, लोक कॉमिक प्लॉटसारखं घ्यायला लागले. वाचायचं नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायचं, दहा वर्षानं विकायचं. १९९१ ला एक्स-मेनचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या कव्हरांत आला, आतली गोष्ट तीच, आणि दुकानांनी त्याच्या ८० लाखाच्या आसपास प्रती मागवल्या. वाचणारे ८० लाख नव्हते हो, एकेकानं पाच-पाच घेतल्या आणि कितीतरी दुकानातच खोक्यात पडून राहिल्या. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मेला, तो अंक काळ्या पिशवीत, आत हाताला बांधायची काळी पट्टी, त्याच्यासाठी रांगा लागल्या. जुनं कॉमिक माहाग का असतं, तर आयांनी रद्दीत घातली म्हणून थोडीच उरली. लाखोनी जपून ठेवलेलं माहाग कसं होणार? आमच्याकडं एका वर्षी टोमॅटोला भाव आला की पुढच्या वर्षी सगळं गाव टोमॅटो लावतंय आणि मग रस्त्यावर लाल चिखल, तसं झालं. दुकानं धडाधड बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हलनं स्वतः दिवाळखोरीचा अर्ज केला.

हे सगळं झालं तेव्हा आमच्या हातात मोबाईल नव्हता, गावात एसटीडी बूथ होता. म्हणून म्हणतो मोबाईलवर ढकलू नका.

वाचक कमी झाले की एकेका वाचकाकडून जास्त काढावं लागतंय. आज पातळ अंक, ज्यात गोष्टीची पानं वीस-बावीस असतात, तो ३.९९ नाहीतर ४.९९ डॉलरला मिळतो. १९३८ चे १० सेंट आजच्या पैशात धरले तरी सव्वादोन डॉलरच्या आसपास होतात, म्हणजे पानं कमी झाली आणि किंमत महागाईच्या पण पुढं गेली. लेकराच्या खिशातून हे निघत नाही, पगारदार माणसाच्या निघतंय. त्यातून व्हेरियंट कव्हर म्हणून प्रकार आहे, आत तेच, वर वेगळं चित्र, आणि काही कव्हरं अशी की दुकानदारानं २५ प्रती मागवल्या तर त्याला एक मिळणार. मग तो ते एक जास्त भावानं विकून बाकीच्यातला तोटा भरून काढतो. ह्या खेळात सात वर्षाच्या लेकराचा काही संबंध राहिला का सांगा.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. २०११ ला डीसीनं, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या कंपनीनं, मोठा डाव टाकला, सगळी जुनी कॉमिक्स बंद करून ५२ नवीन मालिका पहिल्या अंकापासून, नवीन वाचकाला वाटावं की चला इथून सुरू करता येईल. अॅक्शन कॉमिक्स तेव्हा ९०४ व्या अंकापर्यंत पोचलं होतं, ते पण पुसून १. मग नीलसन नावाच्या पाहणी करणाऱ्या कंपनीकडून पाहणी करून घेतली की कोण वाचायलंय, तर ९० टक्क्याच्या वर पुरुष, नव्यानं आलेले अगदी थोडे आणि १८ वर्षाच्या आतले दोन टक्क्याच्या आसपास. पाटी नवीन लावली पण आत बसलेली माणसं तीच. पुढं २०१६ ला जुन्या लोकांना खूश करायला नंबर परत जुन्या हिशोबानं सुरू केले, अॅक्शन कॉमिक्सचा अंक एकदम ९५७ झाला, आणि २०१८ ला १००० वा अंक वाजत गाजत निघाला. मी पण आनंदात होतो त्या दिवशी, म्हणजे मी पण त्यातलाच.

आणि स्पायडरमॅनच्या लग्नाचं तर काय विचारता. वाचक मोठे होत गेले तसा तो पण थोडा मोठा झाला, १९८७ ला मेरी जेनशी लग्न झालं. पण मग कंपनीच्या लक्षात आलं की १९६२ चा पंधरा वर्षाचा पोरगा खरोखर वयानं वाढू दिला तर तो निवृत्त होईल, आज पंच्याहत्तरीच्या पुढं गेला असता, आणि म्हाताऱ्याची बॅग कोण पाठीला लावणार. म्हणून २००० मध्ये एक वेगळी समांतर मालिका काढली, अल्टिमेट स्पायडरमॅन, त्यात तो परत पंधरा वर्षाचा. ते चाललं, चांगलंच चाललं. मग २००७ च्या शेवटी मूळ मालिकेत काय केलं, तर सैतानाबरोबर सौदा, त्याला वाढवणाऱ्या मे काकूचा जीव वाचवायचा आणि बदल्यात लग्न झालंच नव्हतं असं करायचं. तेव्हाचा मुख्य संपादक जो केसाडा, त्याचं उघड मत होतं की लग्न झालेला स्पायडरमॅन म्हातारा वाटतो. जुने वाचक जे भडकले ते अजून भडकलेलेच आहेत. वीस वर्ष ज्याच्या संसारात आपण घरच्यासारखं बसलो तो संसार एका रात्रीत नाही म्हणायचं, अरे काय पद्धत आहे का. आपल्या वेताळाचं, म्हणजे फँटमचं बघा, १९३६ पासूनचा, पण तिथं बाप जातो आणि पोरगा मुखवटा घालतो, चालू आहे तो एकविसावा, त्यानं १९७७ ला डायनाशी लग्न केलं, जुळी मुलं झाली, आणि कोणाला सैतान बोलवायची वेळ आली नाही. त्याला लिहिणाऱ्या ली फॉकनं पहिल्याच दिवशी वयाचा प्रश्न मिटवून टाकला होता, ह्या माणसाला मानलं पाहिजे.

पण आता खरी बातमी ही की २०२४ च्या जानेवारीत मार्व्हलनं परत एक अल्टिमेट स्पायडरमॅन काढला, जोनाथन हिकमननं लिहिलेला, आणि माझ्या काउंटरखाली होता तो हाच. २००० चा अल्टिमेट पंधरा वर्षाचा, २०२४ चा अल्टिमेट दोन लेकरांचा बाप, जाळं हाताला लागतंय तेच मुळात पस्तिशीत. आणि तो इतका खपला की परत परत छापावा लागला. म्हणजे २००७ ला जे लग्न म्हातारपण म्हणून पुसलं तेच आता विकायला काढलं. माझ्या मते हा कंपनीचा कबुलीजबाब आहे, की बाबांनो आम्हाला माहितीय तुम्ही कोण आहात. मधल्या काळात त्यांनी वेगळे प्रयोग पण केले, २०११ ला माइल्स मोरालेस नावाचा नवीन स्पायडरमॅन आला, २०१४ ला कमला खान ह्या नवीन सुपरहिरो पोरीची स्वतःची मालिका आली, दोघंही शाळकरी, आणि कमलाचे खंड पुस्तकांच्या दुकानात चांगले गेले. म्हणजे नवीन वाचक होता, तो फक्त कॉमिक्सच्या दुकानात जात नव्हता.

मग विचाराल, एवढा कमी वाचक असून कंपन्या चालवतात तरी कशाला? २००९ ला डिस्नीनं मार्व्हल साधारण ४ अब्ज डॉलरला घेतली ती काय ह्या पातळ अंकांच्या कमाईसाठी नाही घेतली. कॉमिक हा बीजप्लॉट आहे. बीजप्लॉटचं सोयाबीन तेलाच्या गिरणीत जात नाही, ते पुढच्या पेरणीला जातं, मुख्य पीक दुसरीकडंच निघतंय, सिनेमात, खेळण्यात आणि माझ्या दुकानातल्या बॅगेत. तीस-चाळीस हजार लोकांनी वाचलेली गोष्ट दहा वर्षानं सिनेमा होऊन करोडो लोक बघतेत. त्यामुळं लेकराला काय विकायचं हे ठरलेलं आहे, बॅग. आणि काकाला काय विकायचं हे पण.

आता तुम्हाला वाटंल लेकरं कॉमिक्स वाचतच नाहीत. इथंच तर मजा आहे. अमेरिकेतल्या स्कोलास्टिक कंपनीनं २००५ ला लेकरांसाठी ग्राफिक्स नावाचा विभाग काढला, आणि शाळेतच पुस्तक मेळे भरवून विकायला लागली. त्यातलं २०१६ पासूनचं डॉग मॅन, कुत्र्याचं डोकं आणि पोलिसाचं धड असलेला हिरो, कोटींच्या घरात खपलंय. जाडजूड पुस्तक, एका जागी गोष्ट संपते, मागचं काही माहिती नसलं तरी चालतंय, आणि मिळतं कुठं तर जिथं लेकरू रोज जातंय तिथं. मार्व्हलनं तर २०१८ ला लहान मुलांची आपली कॉमिक्स करायचं काम आयडीडब्ल्यू नावाच्या दुसऱ्याच प्रकाशकाला देऊन टाकलं. स्वतःच्या घरचं लेकरू शेजाऱ्याकडं शिकवणीला.

जपानमध्ये तर वयाचा कप्पाच ठरलेला आहे, पोरांचं साप्ताहिक वेगळं, तरण्यांचं वेगळं, बायांचं वेगळं. पोरांचं शोनेन जंप हे साप्ताहिक १९९० च्या दशकाच्या मध्याला आठवड्याला ६५ लाख खपायचं, स्टेशनवर, कोपऱ्यावरच्या दुकानात. आता तिथं पण खप पुष्कळ उतरलाय, पण महत्त्वाचं हे की तिथं गोष्ट संपते. हिरो आला, मोठा झाला, संपला, पुढचा या. वाचक मोठा झाला की पुढच्या कप्प्यात जातो आणि त्याची जागा लहान भाऊ घेतो. सुपरमॅन १९३८ पासून संपलेलाच नाही, त्याच्यामागं ८०-८५ वर्षाचा गुंता, लेकरानं धागा धरायचा कुठून.

आपल्याकडचं सांगायचं तर माझ्या वडिलांचा स्टॉल आधी एसटी स्टँडजवळ होता. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियानं १९६४ ला सुरू केलं आणि १९९० ला बंद, त्यामुळं नवीन अंक माझ्या वाट्याला शेवटचे शेवटचेच आले, पण जुने गठ्ठे होते. वेताळ, मँड्रेक, बहादूर. वडील सुट्ट्यात ते भाड्यानं द्यायचे, तिथंच बाकड्यावर बसून वाचायचं, घरी न्यायचं असलं तर डिपॉझिट. मग हिंदीतली राज कॉमिक्स आली, १९८६ चा नागराज, मग ध्रुव, आमच्या मराठवाड्यात हिंदी वाचायला कोणाला शिकवावं लागत नाही, गल्लीतली दखनी बोलणारी पोरं आणि आम्ही एकाच बाकड्यावर. लाल एसटी लागली की अर्धं वाचलेलं टाकून पळायचं, शेवट काय झाला ते दुसऱ्या दिवशी. तिथं वाचकाचं वय बाराच्या आसपास कायम राहायचं, कारण स्टँड कायम होता आणि दरवर्षी बारा वर्षाची नवीन पोरं त्या स्टँडवरून जायचीच.

आता नागराज कुठं आहे? आहे की. ऑनलाइन मागवायचा, जुन्या कथा जाड पुठ्ठ्यात, चकचकीत कागदावर, सोबत मॅग्नेट नाहीतर कार्ड फुकट. मी ज्या ग्रुपवर आहे तिथं सगळे माझ्याच वयाचे, कोण बँकेत, कोण तलाठी, कोण मास्तर, पार्सल आलं की फोटो टाकतेत आणि खाली लिहितेत "बचपन". प्रकाशकाचं ह्यात काही चुकतंय असं मी म्हणत नाही, त्याचं घर ह्याच माणसांवर चालायलंय. फास्टर फेणेचं पण तेच झालं की, भा. रा. भागवतांचा शाळकरी बन्या २०१७ च्या सिनेमात एकदम मोठा होऊन आला, डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा द्यायच्या वयाचा, कारण तिकीट काढणारे त्याचे वाचक पण मोठे झाले होते. चिंटूला मात्र लहान राहता आलं. १९९१ पासून तो पेपरातून यायचा, आणि पेपर बापाच्या नावानं घरी येतोय, लेकराला दुकान शोधावंच लागत नाही. आता घरी पेपर येणंच कमी झालंय तर पुढचं काय ते बघायचं.

त्या पोराचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून मी ह्या वर्षी मार्च-एप्रिलात संभाजीनगरच्या होलसेलवाल्याला फोन लावला. बॅगांची ऑर्डर देता देता विचारलं, लेकरांची कॉमिक्स आहेत का काही, हिंदी असो इंग्रजी असो, शंभर-दीडशेच्या आतली. तो म्हणला, "आहेत ना शेठ, पाठवतो. पण एक सांगतो, बॅगा उरल्या तर बदलून देतो, हे मात्र परत घेणार नाही बरं का. रोख, आणि गेलेला माल गेला."

मी फोन धरून उभाच. पन्नास म्हणायचं मनात होतं. मग डोळ्यापुढं कोण कोण नेईल ते आणायला लागलो, तर आठवली ती दोन-तीन मास्तर मंडळी, एक मेडिकलवाला, आणि मी स्वतः. लेकराचं एकही तोंड आठवंना, त्या एका पोराचं सोडून, आणि ते कुठल्या गावचं ते मी विचारलंच नव्हतं.

दहा मागवले. त्यातले सहा असे निवडले की मला स्वतःला पण वाचता येतील. आणि स्पायडरमॅनच्या बॅगा दोन डझन वाढवून सांगितल्या.